निळ्या कापडासाठी पिवळी झाडं

गुरुवार

ऑक्टोबरच्या शेवटी कॅमेरा घेऊन स्कॉटलंडमधल्या पर्थशरमध्ये हिंडणारा माणूस रंगांच्या मागे लागलेला असतो. तांबूस बीच वृक्ष, पिवळाधमक लार्च, रोवनची लालभडक फळं, आणि जमलंच तर तळ्यात या सगळ्याचं प्रतिबिंब. आम्हाला यातला एकही रंग वापरायचा नव्हता. पर्थमधल्या आमच्या वस्तीच्या सभागृहात एक लांबलचक कोरी भिंत आहे. तिच्यावर परिसरातल्या नामांकित झाडांचे कापडी पट लावायचे असं कलागटात ठरलं, आणि ते सायनोटाइप पद्धतीने छापायचे असंही. म्हणजे निळा आणि पांढरा, तिसऱ्या रंगाला जागाच नाही. कापडाला लेप लावणारे, धुणारे, शिवणारे हात भरपूर मिळाले. फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि सुट्टीला आलेली भाची टेप न् तिपाई सांभाळायला आपणहून तयार झाली.

सायनोटाइप ही जुनी विद्या. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढे इंजिनिअर मंडळींनी नकाशांच्या प्रती काढायला उचलली. ब्लूप्रिंट ती हीच. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कापडाला लावायचे, अंधारात वाळवायचे, वर पारदर्शक कागदावरची निगेटिव्ह दाबून उन्हात ठेवायचं. जिथे ऊन पोचतं तिथे गडद निळा रंग धरतो, जिथे पोचत नाही तिथला लेप साध्या पाण्याने निघून जातो. इथलं ऑक्टोबरचं ऊन मात्र या कामाला फारच अशक्त. भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम वीस-एकवीस अंश वर येतो. म्हणून छपाई मे महिन्यात आणि फोटो आत्ता.

"मग फोटोही मेमध्येच काढ ना, मावशी. रंग तर जाणारच आहेत," भाची गाडीत म्हणाली.

शंका रास्त होती. पण उन्हाळ्यात ओक किंवा बीच म्हणजे नुसता हिरवा ढीग, आतलं काही दिसत नाही. भर हिवाळ्यात उरतो सांगाडा, आणि आमच्या सभागृहात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना सांगाड्यावरून झाड ओळखता येणार नाही. मधले हे दोन-तीन आठवडे असे की पानं विरळ होतात, फांद्यांची ठेवण दिसू लागते आणि तरी झाड कुठलं ते कळतं. शिवाय रंग जातात ते अगदी शेवटी. फोटो कृष्णधवल करताना पिवळा उजळायचा आणि निळा दाबायचा ही सोय हातात असते. निळ्या आकाशावरचा पिवळा लार्च असा काढला की कापडावर झाड पांढरंशुभ्र येतं आणि आकाश दाट निळं. हिरव्या लार्चला हे जमत नाही. रोवनचं बरोबर उलटं. डोळ्यांना हिरव्या पानांत ते लाल घोस केवढे उठून दिसतात! कृष्णधवलमध्ये लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच राखाडी छटेत मिसळतात आणि घोस गायब होतात. रोवन आम्ही यादीतून काढून टाकला.

पहिला थांबा मिक्लूर. पर्थहून ब्लेअरगाउरीकडे जाणाऱ्या ए९३ रस्त्याला लागून इथे बीचच्या झाडांचं कुंपण आहे. कुंपण म्हटलं की कमरेएवढं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हे ३० मीटर उंच आणि ५३० मीटर लांब आहे, गिनीज बुकात नोंद असलेलं. १७४५ च्या शरदात जीन मर्सर आणि तिचा नवरा रॉबर्ट मरे नेर्न यांनी ते लावून घेतलं. त्याच वर्षी पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी जॅकोबाइट उठाव झाला आणि पुढच्या एप्रिलात कलोडनच्या लढाईत नवरा मारला गेला. रोपं लावणारी माणसंही अवजारं टाकून लढाईला गेली ती परतलीच नाहीत, म्हणून त्यांच्या आठवणीसाठी कुंपण आकाशाकडे वाढू दिलं, अशी इथली कथा. छाटणी होते, पण साधारण दहा वर्षांतून एकदा.

फोटोग्राफरच्या दृष्टीने हे कुंपण म्हणजे डोकेदुखी. रस्त्याच्या पलीकडून पूर्ण मावत नाही, लांब गेलं तर उंची कळत नाही, आणि मध्येच लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक सुसाट जातात. शेवटी एका टोकाशी उभं राहून लांब पल्ल्याच्या भिंगाने तिरपा फोटो घेतला. झाडांची भिंत दूर जात अरुंद होते आणि खाली रस्त्याकडेला भाची बोटाएवढी दिसते. बुंध्याशी गेल्यावर वेगळंच चित्र. झाडं इतकी दाटीने लावलेली की बुंधे एकमेकांना जवळजवळ खेटून उभे आहेत. साल करडी, गुळगुळीत. एकाची फांदी दुसऱ्याच्या अंगावर घासून घासून तिथे सालीला जाड वळ उठलेत. बाहेरून तासलेली सपाट भिंत आणि आत ही अडीच-पावणेतीनशे वर्षांची रेटारेटी. मला हा आतला फोटो जास्त आवडला. भाचीला भिंतच आवडली.

रस्त्याकडेच्या ढिगातून गळलेल्या पानांच्या दोन गोण्या भरल्या. त्यांचं काय करायचं ते पुढे येईलच.

शुक्रवार

बर्नम आणि डंकेल्ड ही टे नदीच्या दोन काठांवरची गावं, मध्ये इंजिनिअर टॉमस टेलफर्डने १८०९ मध्ये पुरा केलेला दगडी पूल. बर्नमच्या बाजूला नदीकाठाने पाच-दहा मिनिटं चाललं की बर्नमचा ओक लागतो. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये बर्नमचं जंगल चालत डन्सिनेनच्या टेकडीवर येतं, म्हणजे सैनिक फांद्या तोडून त्यांच्या आडोशाने येतात. त्या जंगलाचा हा शेवटचा अवशेष असं सांगतात. खरा मॅकबेथ अकराव्या शतकातला. हा ओक काही त्याच्या काळचा नाही, शतकांचा हिशेबच जुळत नाही. पण जंगल तेच असेल, तर त्याचा वंशज म्हणायला हरकत नाही.

खोड खालच्या तीन मीटरपर्यंत पोकळ. खालच्या फांद्या इतक्या लांब आडव्या गेल्यात की त्यांना लाकडी टेकू दिलेत. बहुतेक जण हे टेकू चौकटीबाहेर ठेवायची धडपड करतात, आम्ही मुद्दाम आत घेतले. झाडाला माणसांनी आधार देणं हाही त्या झाडाचा भाग झालाय आता. रात्रभर पाऊस पडून गेल्याने साल काळपट ओली होती आणि शेवाळ मात्र उजळ. ढगाळ उजेडात खोडाच्या प्रत्येक भेगेचा तळ दिसत होता. सूर्य निघाला असता तर अर्धं खोड काळंठिक्कर झालं असतं. झाडांच्या फोटोंना ऊन लागतं हा गैरसमज आहे. ऊन लागतं ते आकाशाला. झाडाला ढग बरे.

भाचीने घेर मोजायला टेप काढली. ब्रिटनमध्ये जुन्या झाडांचा घेर जमिनीपासून दीड मीटरवर मोजतात. वुडलँड ट्रस्टच्या प्राचीन वृक्षांच्या नोंदवहीत कुणीही नागरिक अशी मापं भरू शकतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात खोडाला गाठी असतात, टेप मागच्या बाजूला घसरते, आणि "वर घे... अगं, तुझ्या बाजूने वर!" असं झाडाला वळसा घालून ओरडावं लागतं. कुत्रा फिरवायला आलेल्या एका गृहस्थांनी न सांगता येऊन तिसरं टोक धरलं, मग झालं.

पूल ओलांडून डंकेल्डच्या कॅथेड्रलशेजारी गेलो. इथे यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं झाड आहे, मूळ लार्च. लार्च सूचिपर्णी असूनही पानगळीचा. शरदात सुया पिवळ्या होतात आणि झडून जातात. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरांतून आणलेल्या बियांची रोपं १७३८ मध्ये इथे लावली, त्या घोळक्यातलं हे एकटं उरलंय. अथॉलच्या ड्यूक घराण्याला पुढे लार्चचं वेडच लागलं. शंभरेक वर्षांत त्यांनी कोटीच्या वर लार्च लावले. चढता न येणाऱ्या कड्यांवर बी पोचवायला एका ड्यूकने ते तोफेत भरून उडवलं, अशी गोष्ट इथे कुणीही सांगतो. जहाजबांधणीत ओकची जागा लार्चने घ्यावी ही खटपट होती. १८२० मध्ये लार्चचं एक लढाऊ जहाज बांधून पाहिलंही, आणि त्याचं नावही अथॉलच ठेवलं. पण पुढे लोखंडाचे दिवस आले. १८८० च्या दशकात जपानी लार्चही याच घराण्याच्या इस्टेटीवर आला आणि दोघांच्या संकरातून डंकेल्ड लार्च झाला. आता स्कॉटलंडभर लार्चला फायटोफ्थोरा रॅमोरम नावाच्या रोगाने घेरलंय. रोग दिसला की डोंगरच्या डोंगर तोडावे लागतात. तोफेने पेरलेलं यंत्राने कापायची पाळी.

अकराच्या सुमाराला ढग फाटले. गवतावर आडवं होऊन झाड खालून वर घेतलं. मागे अर्धं छत गेलेलं कॅथेड्रल आणि त्यावर पिवळ्या सुयांचं जाळं. तिथल्या तिथे कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल करून भाचीला दाखवलं.

"हे तर बर्फ पडल्यासारखं दिसतंय!"

मेमध्ये कापडावर अगदी असंच यायला हवं.

दुपार हर्मिटेजमध्ये गेली. ब्रान नदीच्या घळीत उंचच उंच डग्लस फर, धबधब्याशी गर्दी, पाण्यात उड्या मारणारे सामन मासे आणि त्यांच्यासाठी रोखून धरलेले मोबाइल. झाडं इतकी उंच की खालून फोटो काढला तर शेंडे एकमेकांकडे झुकलेले दिसतात. समोरच्या चढावर अर्ध्या उंचीला जाऊन घेतले तेव्हा कुठे सरळ आले. परतताना इन्व्हरला नील गाउचा ओक पाहिला. अठराव्या शतकातला हा फिडलवादक या झाडाखाली बसून चाली बांधायचा म्हणतात. उजेड गेला होता. एक फोटो घेतला आणि निघालो.

शनिवार

अबरफेल्डीवरून फॉर्टिंगलला. ग्लेन लायन खोऱ्याच्या तोंडाशी वसलेलं चिमुकलं गाव, त्याचं चर्च आणि चर्चच्या आवारात भिंत घालून बंदिस्त केलेला यू वृक्ष. वयाचे अंदाज दोन हजार वर्षांपासून पाच हजारांपर्यंत जातात. एवढी तफावत का, याचं उत्तर झाड पाहिल्यावर मिळतं. वलयं मोजायला आतलं लाकूडच शिल्लक नाही. यू म्हातारा होतो तसा गाभ्यातून कुजत जातो आणि बाहेरचं कवच वाढत राहतं. १७६९ मध्ये प्रवासवर्णनकार थॉमस पेनंटने इथे घेर मोजला तो साडेछप्पन्न फूट भरला होता. तेव्हाच खोड फाटून कमान झाली होती आणि गावातल्या प्रेतयात्रा तिच्यातून जात, असं सांगतात. फाटलेल्या पोकळीत विस्तव पेटवले गेले, आठवण म्हणून येणारे-जाणारे लाकूड कापून नेत राहिले. शेवटी भिंत बांधली. तरीही आत हात घालून डहाळ्या मोडणारे आणि फिती बांधणारे आहेतच.

भाचीची निराशा लपत नव्हती. "हे? हे ते झाड?"

खरंच, पहिल्यांदा पाहताना समोर एक झाड दिसत नाही. गजांच्या पलीकडे वेगवेगळी दोन-तीन मध्यम खोडं, काळपट हिरवी पालवी, आधाराचे दगड. शरदाचा काही संबंध नाही, यू बारमाही हिरवा. तासभर मी भिंतीभोवती फिरत होते आणि काही जमत नव्हतं. मग जमिनीवरच्या खुंट्या दिसल्या. जुनं खोड जिथपर्यंत होतं तिथे खुंट्यांचं कडं केलंय. आज झाडाचे म्हणून जे तुकडे दिसतात ते त्या कड्यावर इकडेतिकडे उभे आहेत आणि मधे नुसती मोकळी जमीन. ती मोकळी जागाच खोड आहे! एकदा हे डोळ्यांत बसलं की साडेछप्पन्न फुटांचं धूड आपोआप उभं राहतं. तिपाई भिंतीवर टेकवायची नाही हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून भाचीने एक पाय धरला, मी दोन, आणि कॅमेरा डोक्यावर धरून वरून खाली असा फोटो घेतला. चौकटीत कडेकडेला खोडं आणि मध्यभागी पोकळी. सायनोटाइपमध्ये ती पोकळी गडद निळी होईल की पांढरी, हे निगेटिव्ह बनवताना माझ्या हातात आहे. मला ती पांढरी हवी.

आणखी एक भानगड. हा यू नर. वसंतात परागकण सोडणारा. पण २०१५ च्या शरदात एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या मॅक्स कोलमन यांना वरच्या एका फांदीवर तीन लाल फळं दिसली. म्हणजे तेवढी फांदी मादी झाली होती. यूमध्ये असं क्वचित होतं, आणि तेही सहसा शेंड्याकडच्या एखाद्याच भागात. आम्ही लांबच्या भिंगातून प्रत्येक फांदी चाळली. फळ एकही नाही, पण या शोधात सुयांची ठेवण, त्यांची खालची फिकट बाजू, कोवळ्या डहाळीचा हिरवा दांडा हे सगळं इतकं जवळून पाहिलं की भाचीने वहीत चित्र काढून घेतलं. त्या फळाचा लाल गर सोडला तर यूचं सगळं विषारी असतं, बी, पानं, साल सगळं. तरी त्याच पानांतल्या द्रव्यापासून डोसिटॅक्सेल हे कॅन्सरवरचं औषध बनवतात.

चर्चमधून बाहेर आलेल्या एका आजींनी विचारलं, जमला का फोटो? मी खुंट्यांचा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, इतकी वर्षं इथे येते, पण हा कोपरा कधी असा पाहिला नव्हता. कौतुक होतं की सौम्य टीका, या लोकांचं कळणं कठीण.

रविवार

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, पहाटे घड्याळं तासभर मागे गेली. सकाळी लवकर उजाडलं त्याचा आनंद दुपारी चारला ओसरला. पावणेपाचला सूर्य मावळणार.

शिहॅलियनच्या बगलेतून रॅनॉकला गेलो. हा १,०८३ मीटरचा डोंगर. १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी याच्या दोन बाजूंना ओळंबे टांगून डोंगर त्यांना किती ओढतो ते मोजलं आणि त्यावरून पुढे पृथ्वीची घनता काढली गेली. आज मात्र डोंगर ढगात.

रॅनॉक तळ्याच्या दक्षिण काठावर ब्लॅक वुड आहे. एकेकाळी हायलँड्समध्ये पसरलेल्या जुन्या पाइन अरण्याचा हा उरलेला मोठा तुकडा. इथे नाव असलेलं झाड नाही, कुठल्याही झाडाखाली ड्यूक, कवी, वादक बसलेला नाही. यादीत बसवायला हीच अडचण होती. कलागटात एकाने विचारलंही होतं, की कुणाचंच नाही त्या झाडाचा पट कशाला? मला नेमका त्याचसाठी हवा होता.

पाऊस भुरभुरत होता. खाली ब्लूबेरीच्या कुळातली झुडपं, जुनिपर, आणि मधेमधे सुयांचे गुडघाभर उंच ढिगारे. भाची त्यावर पाय देणार तोच मी ओढली. ती मुंग्यांची वारुळं. लाकडी मुंग्या पाइनच्या सुया एकेक करून रचतात. थंडीने वर एकही मुंगी नव्हती, पण सुया सगळ्या उतरत्या बसवलेल्या, पाणी आत न जाता निथळावं अशा.

निवडलेला पाइन वाकडा होता. सरळ झाडं लाकडासाठी गेली, वाकडी राहिली, हा जुन्या जंगलांचा नियमच. बुंध्याशी साल करडी आणि कौलांच्या खापरांसारखी जाड, वर जाईल तशी पातळ होत नारिंगी. ती नारिंगी साल कृष्णधवल करताना उजळली तर कापडावर झाड खालून वर पेटत गेल्यासारखं दिसेल. पलीकडच्या उतारावरून लाल हरणाच्या नराचं डरकावणं ऐकू येत होतं. माजाचा हंगाम संपत आला तरी एखादा असतोच हटून बसलेला.

सोमवार

शेवटी पर्थच्या वेशीवरचं स्कून. इथे १७९९ मध्ये गवंड्याच्या घरी डेव्हिड डग्लस जन्मला आणि स्कून पॅलेसच्या बागेत माळीकाम शिकला. हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला उत्तर अमेरिकेत धाडलं आणि त्याने तिथून बी पाठवलं. १८२६ मध्ये पाठवलेल्या बियांतून वाढलेला डग्लस फर पॅलेसच्या आवारात उभा आहे. आज स्कॉटलंडमध्ये सगळ्यात जास्त लावला जाणारा सिटका स्प्रूसही त्यानेच आणवला. १८३४ मध्ये हवाईत रानगुरं पकडायला खणलेल्या खड्ड्यात तो पडला. आत आधीच एक बैल होता.

झाड देखणं आहे, फोटो सोपा आहे, आणि म्हणून फार काही लिहिण्यासारखं नाही. उभा पट, उभं झाड. काम झालं.

संध्याकाळी सभागृहात सगळे फोटो पडद्यावर लावले. अपेक्षेप्रमाणे रंगीत पाहून आधी सगळे हळहळले, की इतका सुंदर पिवळा निळ्यात बुडवायचा? मग डंकेल्डचा लार्च कृष्णधवल करून दाखवला आणि हळहळ थांबली. फॉर्टिंगलच्या खुंट्यांवर एकमत झालं नाही, पण बहुमत झालं. वाकडा पाइन तर बिनविरोध.

आता त्या गोण्या. सायनोटाइपचा निळा धुण्याच्या सोड्यात फिका करून मग टॅनिनच्या पाण्यात बुडवला तर तो तपकिरी-काळ्याकडे वळतो. टॅनिन चहात असतं तसंच ओक-बीचच्या पानांतही. एका सदस्याने उन्हाळ्यातले जुने, फसलेले कापडाचे तुकडे आणून ठेवले होते. मिक्लूरची पानं मोठ्या पातेल्यात उकळली, तुकडे रात्रभर बुडवले. सकाळी निघाले ते गढूळ चॉकलेटी. वास काही दिवस राहणार. तरी रंग खरा आहे आणि झाडाचाच आहे, म्हणून कुंपणाचे पट असे तपकिरी करायचे आणि बाकी सगळे निळेच ठेवायचे असं ठरलं. यूची पानं उकळून बघू या, ही सूचना ताबडतोब फेटाळली. कुंपणाला आडवे तीन पट द्यायचे की पाच, आणि त्यात भाचीची बाहेरची भिंत घ्यायची की माझी आतली रेटारेटी, यावर बुधवारी मतदान आहे. भाची आत्तापासूनच मतं जमवत फिरतेय.